घोडाबैलाची सुपारी

गोदामाच्या भिंतीवर परवा शर्यतींचा फलक लागला. माघ आला की तो लागतोच. हार घातलेले बैल, गॉगल घातलेले मालक आणि खाली गटांची यादी. बैलांचे दात बघून पाडलेले गट. आदत, दुसा, चौसा, आणि शेवटी सगळ्यांना खुला असलेला. दूध घेऊन येताना मी थांबते, पदराने चष्मा पुसते आणि ती यादी वरून खाली वाचते. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यापुढे उभी राहून बाई आपल्या पोराचा नंबर शोधते ना, तशी. नंबर नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. चाळीसहून जास्त वर्षं झाली, तो नाही. तरी वाचते.

मी शोधते तो गट म्हणजे घोडाबैल. आज हा शब्द काढला तर लोक विचारतील की ही काय भानगड, आणि समजावून सांगितलं तर हसतील. एकाच जुवाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला घोडा. मागे हलका छकडा, त्यात उभा एक माणूस. असे दोन छकडे शेजारीशेजारी लावायचे. समोर सरळ पट्टा. वळण नाही, फेरा नाही. निशाण पडलं की सुटायचं आणि पट्टा संपला की संपलं. पान लावून तोंडात टाकेपर्यंत शर्यत होऊन जायची. एवढ्याशा वेळासाठी दोन घरं वर्षभर राबायची, आणि त्यातलं एक घर माझं सासर होतं, दुसरं माहेर.

माघातलं ऊन मला अजून त्याच दिवसांत नेऊन सोडतं. भात झोडून झालेलं असायचं. पेंढ्याच्या उडव्या घरांहून उंच. खाचरात वाल टपोरा झालेला, आणि खाडीकाठची खारी जमीन वाळून अशी टणक व्हायची की अनवाणी पायाला टोचायची. तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. शर्यती तिथेच. चार गावांची माणसं बांधावर बसायची, उसाच्या रसाची घुंगरं वाजत असायची आणि सगळ्यांचं लक्ष मात्र ऊन कलायच्या वेळेकडे लागलेलं. कारण घोडाबैल शेवटी असे. गोड शेवटी वाढतात तसा.

मी पडघ्याची. वडील लवकर गेले, तेव्हा गोपाळकाकाने वाढवलं. काकाकडे एक काळा घोडा होता आणि त्याच्या जोडीचा बैल. अंजूरच्या अंगाला राहणारे धर्मा हे त्याचे मैदानावरचे वैरी. तीन वर्षं हे दोघे एकमेकांना हरवत राहिले आणि चौथ्या वर्षी वैराचा कंटाळा आला म्हणून की काय, मैदानातच बसून त्यांनी माझी सोयरीक जुळवून टाकली. मला विचारण्याची पद्धत नव्हती. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. धर्मा माझे सासरे झाले. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, तेव्हा मामा.

मामा माणसांशी कमी बोलत. सकाळी उठले की पहिला शब्द गोठ्यात. कोसाला विचारायचे, "झोप लागली का रं?" कोसा म्हणजे आमचा बैल, राखाडी अंगाचा, डोळ्यांभोवती काळसर. घरात आजारी पडलेल्या माणसाला त्यांनी कधी असं विचारलेलं मी ऐकलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "मना पन बैल करून ठेवला असता त बरा झाला असता." आणि हसायच्या. पण त्या हसण्याला जरा धार असायची.

लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी शेण काढायला गोठ्यात गेले आणि कोसाशेजारी एक पांढरा घोडा उभा. दोघांची तोंडं एकाच गव्हाणीत. मी ओरडलेच. बाहेरून कोणीतरी खो खो हसलं. उंच, हडकुळा, कानावर विडी खोचलेला माणूस. "डरो मत, बहू," तो म्हणाला. "तो बाबू आहे. शरीफ जानवर. माझ्याहून शरीफ."

ते यासीनभाई. भिवंडीत टांगा हाकायचे. बाबू त्यांचा. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे, बाजार थंड, गिऱ्हाईक नाही. मग नमाज उरकून यासीनभाई टांगा घेऊन थेट आमच्याकडे यायचे. टांगा चिंचेखाली, बाबू गोठ्यात. मग दोघांना एका जुवाला जुंपून पट्ट्यावर सराव. बाबूच्या गळ्यात टांग्याचीच घुंगरमाळ. परत जाताना यासीनभाई माझ्यासाठी कागदात बांधलेली नानखटाई ठेवून जायचे, चुलीजवळच्या फळीवर, न बोलता. मी ती पदराआड खायचे.

ही जोडी कशी जमली ते सासूबाईंनी सांगितलं. सत्तर सालच्या उन्हाळ्यात भिवंडीत दंगलीत जे झालं ते मी सांगायला नको. त्यातल्या एका सकाळी यासीनभाई बाबूला घेऊन खाडीच्या बाजूने आमच्या दारात आले. मामांची आणि त्यांची ओळख भाताची पोती वाहण्यापुरती. यासीनभाई म्हणाले, "आदमी तो कहीं भी छुप जाता है, धर्मा. घोडा कुठं लपवू?" मामांनी दोरी हातात घेतली. एवढंच झालं. गावात कुरकुर झाली असणार, सासूबाई त्याविषयी बोलल्या नाहीत. बाबू दोन महिने आमच्या गोठ्यात राहिला. कोसा तेव्हा खोंड होता, एकटा, आई नुकतीच गेलेली. तो घोड्याच्या बाजूला सरकून झोपायला लागला. यासीनभाई न्यायला आले तेव्हा कोसाने दावं तोडलं आणि टांग्यामागे पार वेशीपर्यंत पळत गेला. त्याचं ते पळणं बघून मामांच्या डोक्यात घोडाबैल शिरला.

हे मला सांगायलाच हवं, नाहीतर शर्यत म्हणजे नुसती खुमखुमी वाटेल. घोडाबैल हा गट असाच उभा राहिला होता. बैल गावाचा, घोडा शहराचा. गोपाळकाकासारखा एखादा सोडला तर बैलवाल्याला घोडा परवडत नसे आणि टांगेवाल्याला बैल ठेवायला जागा नसे. दोघांनी एकमेकांच्या दारात गेल्याशिवाय जोडी व्हायचीच नाही. आणि बक्षीस एकच, फेटा. त्याचीही रीत होती. मैदानापासून गावच्या वेशीपर्यंत फेटा बैलवाल्याच्या डोक्यावर, वेशीपासून पुढे शहरापर्यंत घोडेवाल्याच्या. आमच्या वेशीवर छकडा थांबायचा, मामा फेटा उतरवून यासीनभाईंच्या डोक्यावर ठेवायचे आणि यासीनभाई तो तसाच वाकडा मिरवत टांगा हाकत जायचे. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा बघायला मिळेल असं वाटायचं.

जनावरांचे हाल होत नव्हते असं मी म्हणणार नाही. पराणीला, म्हणजे हाकायच्या काठीला, खिळा लावणारे लोक होते. कोसाच्या खांद्यावर मी हळद भरलेली आहे. मामा पराणी वापरत नसत, पण जूच तिरकं, एक मान उंच आणि एक खाली, ते खांद्याला काचायचंच. आता म्हातारपणी हे फार आठवतं. आणि तरी बाबूची घुंगरं वाजली की कोसा जो सुटायचा, त्याला हाल म्हणावं की आनंद, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गट ओसरायला लागला तो कुणाच्या लक्षात आला नाही. विहिरीचं पाणी उतरतं, तसा. आधी भिवंडीत रिक्षा आल्या. टांग्यांचा अड्डा अर्ध्यावर आला, मग पावावर. यासीनभाई सांगायचे, "रिक्षावाला पॅसेंजरला बोलतो, इकडे बैठो, त्याचा घोडा बुढ्ढा झालाय. मेरे सामने बोलता है." मग गावोगाव गोठ्यांच्या जागी लूमच्या शेड उठल्या. दिवसभर खटाखट, खटाखट. ती आमच्या वालाच्या शेतापर्यंत यायची. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेही लूमवर लागले. शर्यतीला येणारी माणसं तीच होती, पण आता त्यांना ड्युटी होती. ऊन कललं की बांध रिकामा व्हायचा, कारण शिफ्ट गाठायची असे. शेवटचा पदार्थ वाढायला घेतला की पंगतच उठून जायची.

मग कमिटीने घोडाबैल सकाळी पहिल्यांदा ठेवला. त्या वेळी कोणी आलेलंच नसे. उसाचा चरकसुद्धा मांडलेला नसे. आणि एक नवीन गोष्ट झाली. तरण्या पोरांना आपल्या बैलाचं नाव व्हायला हवं होतं. घाटावरून चांगल्या जातीचे बैल आणायचे, त्यांचे फोटो काढायचे. एकदा एका पोराने मामांना तोंडावर विचारलं, "जित्तात त जितला कोन, घोरा का बैल?" मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जू." पोरगं हसलं, त्याचे मित्र हसले. मामांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तेही हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

नऊ जोड्यांच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. कुणाचा टांगेवाला गावी निघून गेला, कुणाचा घोडा मेला, कुणी बैल विकून लूमचा सांचा घेतला. शेवटी दोन उरल्या. आमची आणि पडघ्याची, गोपाळकाकाची. आणि कमिटीने जाहीर केलं की यंदा निदान दोन जोड्या पट्ट्यावर आल्या नाहीत तर घोडाबैल कायमचा बंद.

त्याच आठवड्यात यासीनभाई एरवीच्या शुक्रवारी न येता मंगळवारी आले. घोडा न आणता, चालत. ओटीवर बसले आणि म्हणाले की गणेशपुरीकडचा एक माणूस बाबूला मागतोय. तिथे अजून टांगे चालतात, वज्रेश्वरीला येणाऱ्यांना नेतात, गरम पाण्याच्या कुंडांकडची सावलीची वाट आहे, माणूस चांगला आहे. "मेरे पास अब क्या है उसके लिए? दिवसभर अड्ड्यावर उभा राहतो. तुम बोलो, धर्मा. शर्यत होणार असेल तर ठेवतो. नसेल तर देऊन टाकतो."

मामा उठून आत गेले आणि सुपारी घेऊन आले. मग मला हाक मारली.

आमच्याकडे शर्यतीला बोलवायची पद्धत अशी. बोलावणारा सुपारी पाठवतो. येणार असेल तो उलट सुपारी पाठवतो. येणार नसेल त्याच्याकडून काही येत नाही. तोंडाने कोणी नाही म्हणत नाही. मामांनी सुपारी माझ्या हातावर ठेवली. "सूनबाय, तू जा. तुज्या काकाला सांग, धर्मा बोल्लाय, यंदाच्याला ये. पुढल्या साली नको येऊ. तू लेक हाय त्याची, तुला न्हाय बोलनार न्हाय."

त्यांना वाटलं, मी लेक आहे हे आमच्या बाजूचं आहे. तसं नव्हतं.

एसटीने पडघ्याला गेले. काकी दारातच भाकरतुकडा ओवाळायला आली. काका मळ्यातून आला, पाय धुतले, डोक्यावरून हात फिरवला. मी सुपारी दिली आणि निरोप सांगितला. काकाने सुपारी घेतली, कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "बघू गो बाय."

माहेराला आलेल्या लेकीला नाही म्हणत नाहीत. तिच्या हातून कोणी रिकामा निरोप पाठवत नाही. तिला जेवू घालतात, ओटी भरतात आणि बघू म्हणतात. पाण्याला म्हणून मी मागच्या पडवीत गेले. काळ्या घोड्याच्या जागी सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. खुंटा उपटलेला. बैल होता, पण त्याच्या अंगावर ओझ्याच्या दोऱ्यांचे वळ होते. मी पाणी प्यायले आणि पुढच्या दारी आले. काकाने माझ्याकडे बघितलं नाही. मला ठाऊक झालंय हे त्याला ठाऊक झालं. काकीने ओटीत तांदूळ, नारळ आणि खण घातला. उलट सुपारी कोणी दिली नाही.

स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते. ओटी जड. डोळ्यांपुढे ओटीवर बसलेले ते दोघे म्हातारे, एकाने विचारलेलं आणि दुसऱ्याने उत्तर न दिलेलं. समोर पानाची टपरी होती. मी गेले आणि एक सुपारी घेतली. अख्खी. पानवाल्याने विचारलं, कातरून देऊ का? मी म्हटलं, नको.

हे मी का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या वेळी मनात एवढंच होतं की घरी जाऊन मामांच्या हातावर काही ठेवलं नाही तर ते काही बोलणार नाहीत. फक्त गोठ्यात जातील. ते मला बघवणार नव्हतं. उद्याचं उद्या. कदाचित काका घोडा कुणाकडून मागून आणेल. माणूस खोटं बोलताना आत कुठेतरी ते खरं होण्याची जागा ठेवतो.

मामांनी सुपारी घेतली. बोटांत फिरवली, पुन्हा फिरवली. "दिली व्हय त्याने?" मी म्हटलं, "दिली." त्यांनी ती मुंडाशाच्या टोकात बांधली आणि चप्पल घालून भिवंडीला चालते झाले. संध्याकाळी आले तेव्हा चेहरा उजळलेला. यासीनभाईंनी गणेशपुरीवाल्याला थांबवलं होतं. बाबू शर्यतीपर्यंत आमचा.

त्यापुढचे बारा दिवस घरात सण असल्यासारखे गेले. मामा सकाळीच पट्ट्यावर जाऊन दगड वेचायचे. कोसाला मी गूळ आणि वालाची डाळ चारायचे. शर्यतीच्या आदल्या दिवशी दोन्ही जनावरं एकाच टोपलीतून खातात, ती टोपली मी शेणाने सारवून उन्हात ठेवली. हात कामात असले की खोट्याचा विसर पडतो. मग एखादवेळी तवा तापायची वाट बघत बसलं की टपरीवरची ती सुपारी आठवायची.

शर्यतीच्या दिवशी आम्ही बायका बांधावर. बायका बांधाखाली उतरत नसत. कोवळं ऊन, खाडीवरून गार वारा, मैदानात जेमतेम शंभरेक माणसं, तीही तोंड धूत असल्यासारखी. मामांनी धुतलेलं धोतर नेसलेलं. बाबूच्या अंगावर यासीनभाईंनी झूल घातलेली, टांग्याच्या पडद्याची कापून केलेली. कोसाची शिंगं लाल. दोघं जुवाखाली उभे, अंगाला अंग लावून.

कर्ण्यावरून पुकारा झाला. "घोडाबैलाच्या जोड्या पट्ट्यावर आना. पडघ्याचे गोपाळ यांची जोडी." थोडा वेळ खरखर. "पडघ्याची जोडी." मग तिसऱ्यांदा. पुकारणारा माणूस कंटाळलेला होता, त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मैदानाच्या पलीकडे पडघ्याहून येणारी गाडीवाट दिसायची. मामा तिकडे बघत होते. यासीनभाई कपाळावर हात धरून तिकडेच बघत होते. त्या वाटेवरून एक बाई टोपली घेऊन आली, मग एक सायकलवाला. मला बांधावरून खाली धावत जाऊन सांगावंसं वाटलं, नका बघू. पण बायका खाली उतरत नसत. चांगली सबब होती.

"घोडाबैल रद्द," कर्ण्यावरून आलं. "पुढचा गट तयार ठेवा."

मामा कमिटीच्या माणसाशी काहीतरी बोलले. त्याने खांदे उडवले. मग मामा छकड्यात चढले. यासीनभाईंनी बाबूचा लगाम धरून त्याच्या कानात काही सांगितलं आणि सोडला. निशाण पाडायला कोणी नव्हतं. घुंगरं वाजली आणि कोसा सुटला. पट्ट्यावरून माणसं आडवीतिडवी चाललेली, ती दचकून बाजूला झाली. कुणी शिवी दिली, कुणी शिट्टी मारली. एकटा छकडा पांढऱ्या जमिनीवरून गेला आणि पलीकडच्या टोकाला थांबला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "एकट्याने कुनाला हरवला?"

परतताना वेशीवर छकडा थांबला. सवयीने. मामांचा हात डोक्याकडे गेला आणि खाली आला. यासीनभाईंनी बाबूला जुवातून सोडवून वेशीवर उभ्या ठेवलेल्या टांग्याला जुंपलं आणि ते गेले. कोसा टांग्यामागे दोन पावलं गेला. मामांनी कासरा ओढला नाही, तो आपणच थांबला.

गणेशपुरीवाल्याने दुसरा घोडा घेतला होता. बाबूला पुढे चार महिन्यांनी एका वीटभट्टीवाल्याने नेलं. दोन वर्षांनी मी एसटीने माहेरी चालले होते. पडघ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून भट्टी होती, तिथे विटांच्या खेपा वाहणारे घोडे. त्यातला एक पांढरा, म्हणजे एकेकाळी पांढरा, आता विटांच्या रंगाचा. मान खाली. माझी जागा त्याच बाजूच्या खिडकीची होती. मी मान वळवून दुसऱ्या खिडकीतून बघत बसले. तोच होता का हे मला नक्की माहीत नाही. नक्की माहीत होऊ नये म्हणूनच मी मान वळवली.

कोसाला गावातल्या पोरांनी एकदा दुसऱ्या बैलाबरोबर जुंपून पट्ट्यावर नेलं. निशाण पडलं, शेजारचा बैल ताणू लागला आणि कोसा तसाच उभा, उजव्या बाजूला मान वळवून. घुंगरांची वाट बघत असावा. लोक पोट धरधरून हसले. मामांनी त्याला घरी आणलं आणि कुणालाही विकू दिलं नाही. तो म्हातारा होऊन गोठ्यातच गेला.

मामांचं शेवटचं आजारपण लांबलं. त्या दिवसांत ते माझ्या हातून पेज घ्यायचे. एका दुपारी घोट गिळून म्हणाले, "सूनबाय, त्या सुपारीला केस नव्हता."

मला कळेना. ते म्हणाले, "उलट सुपारीला घोऱ्याच्या शेपटीचा केस गुंडालतात. घोरा तयार हाय अशी खूण. बायकांना न्हाय सांगत. तू आनलीस ती कोरी व्हती. टपरीवरची."

पेजेची वाटी माझ्या हातात. मी म्हटलं, "मग मामा, तुम्ही..."

"मना वाटला, तू आनलीस त खरीच धरू." डोळे मिटूनच बोलत होते. "पन यासीनला कोरी कशी दाखवू? जाता जाता अड्ड्यावर बाबू एकलाच उभा व्हता. त्याच्याच शेपटीचा केस काढला न गुंडाला." त्यांनी पेजेची वाटी हाताने दूर सारली. "त्याला फसवला मी. तुजा खोटा लहान व्हता. माजा मोठा." त्यानंतर ते त्याविषयी बोलले नाहीत, आणि फार दिवस राहिलेही नाहीत.

दहाव्याला यासीनभाई आले. टांगा कधीच मोडला होता, एका लूमच्या शेडवर वॉचमन होते. अंजूरच्या रस्त्याने रिक्षात बसून आले, रिक्षातून उतरताना लाजले. ओटीवर त्याच जागी बसले. मी पाणी ठेवलं. मला वाटलं आज सांगून टाकावं. मामा गेले, आता मी तरी मोकळं व्हावं. मी म्हटलं, "चाचा, त्या शर्यतीचं एक सांगायचंय. पडघ्याची सुपारी..."

त्यांनी हात वर केला. मग खिशातून पानाची जुनी डबी काढली. चुन्याच्या डागांनी पांढरी झालेली. आत एक सुपारी, आणि तिच्याभोवती गुंडाळलेला एक लांब पांढरा केस.

"तेरे गोपाळकाका का घोडा काला था, बहू," ते म्हणाले. "हा केस सफेद आहे. आणि अपने जानवर का बाल मैं नहीं पहचानूंगा?"

मी विचारलं, "मग तुम्ही बाबूला का नाही दिलंत? गणेशपुरीला?"

ते डबी हातात धरून बसले. शेडची खटाखट लांबून येत होती. "धर्मा इतनी दूर चलके आया था," ते म्हणाले. "त्याने सुपारी माझ्या हातावर ठेवली. त्याचा चेहरा असा होता की मैं क्या बोलता? मी म्हटलं, ठीक है, बांधो घोडा." मग डबी मिटून खिशात ठेवताना म्हणाले, "पर उसका नुकसान हो गया. जानवर का. हमारा क्या था."

मी आत जाऊन चहा टाकला. चुलीपुढे बसून मला ती सकाळ दिसत होती. मैदानातले ते दोघे आणि बांधावरची मी. पडघ्याहून कोणी येणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिसरा पुकारा होईपर्यंत आम्ही तिघंही त्या वाटेकडे बघत उभे होतो.